हार्म फोल्कर्ट्सचा चहा

उत्तर समुद्राकाठच्या हाब्बोझीलमध्ये चहाला बसलेल्या माणसाच्या तोंडाकडं कोणी बघत नाही, त्याच्या चमच्याकडं बघतात. चमचा बशीत पडलेला असला की घरची बाई न विचारता पुढचा कप ओतते. चमचा कपात उभा केला की पुरे, आता नको. त्या चमच्याला दुसरं कामच नाही. ढवळायचं तर नसतंच. तळाला खडीसाखरेचा खडा, त्यावर कढत चहा, खडा तडकल्याचा बारीक आवाज, मग कडेकडेनं सोडलेली साय. आणि पुढं जे जसं ओठाला लागेल तसं प्यायचं. आधी साय, मग कडू, अगदी शेवटी गोड. तीन कपांच्या आत उठणारा माणूस एक तर परगावचा, नाही तर रागावलेला.

फोल्कर्ट दोन कपांवर उठला होता.

रागावून नव्हे. समुद्राच्या बांधाला जिथं उघाडी आहे, जिच्या लाकडी दारातून गावाचं पाणी ओहोटीला बाहेर सोडतात, तिथं इंग्लंडला निघालेलं गलबत उभं होतं. पाणी उतरायला लागलं होतं आणि तांडेल खालून शिव्या घालत होता. फोल्कर्टची खलाशी म्हणून ती पहिलीच सफर. पोरगा बापासारखाच ताडमाड, आणि तिकडच्या घरांची दारं ठेंगणी, म्हणून तो चौकटीखाली वाकून उभा राहिला आणि त्यानं बशीकडं बोट केलं.

"बघ आई, चमचा बशीतच आहे. तिसरा आल्यावर."

"लवकर ये म्हणजे झालं," हिस्के म्हणाली. "साय आंबते."

झालं. एवढाच निरोप समारंभ. गळ्यात पडून रडणं त्या किनाऱ्यावर बसत नाही. वाराच इतका असतो की डोळ्यांतलं पाणी कशाचं ते कोणी विचारत नाही. हिस्के बांधावर गेली, शीड दिसेनासं होईपर्यंत उभी राहिली, परत येऊन तिनं कप धुतला, पुसला, फळीवर ठेवला. चमचा बशीत.

हिस्के ही उघाडीवाली. नवरा हार्म उघाडीचा राखणदार होता; तो तापानं गेला तेव्हा दारं उघडायची-लावायची ती पुढं तीच करू लागली, कोणी नेमलं नाही आणि कोणी नको म्हटलं नाही. उरलेल्या वेळात कोळंबी उकडायची आणि सोलायची. बोटं अशी चालत की सोललेली कोळंबी वाडग्यात पडल्यावर मग तिचं कवच सुटल्यासारखं वाटे. आणि तोंड त्याहून चालत असे. पण फोल्कर्ट गेल्यावर ते जरा मंदावलं.

कारण पाठोपाठ समुद्र बंद झाला. म्हणजे समुद्र होता तिथंच होता, रोज येत होता, रोज जात होता. पण पॅरिसमधल्या बादशहानं फर्मान काढलं की इंग्लंडशी देणंघेणं नाही. तिकडून येणारं गलबत दिसलं की धरायचं. म्हणजे गेलेलं गलबत गेलेलंच. चहा गेला, साखर गेली, खलाशी गेले. मग एक दिवस गावाला कळलं की आपण आता फ्रान्समध्ये राहतो.

राज्यं बदलण्याचं हाब्बोझीलला नवल नव्हतं. म्हाताऱ्यांनी प्रशियाचा राजा पाहिला होता, मग थोडे दिवस हॉलंडचा आला, त्याचं नाणं हातात खेळतंय तोवर तोही गेला. पण या नव्यांनी मुलूख नुसता घेतला नाही, त्याचा जिल्हा केला. नदीच्या नावावरून त्याचं बारसं केलं 'पूर्व एम्स', आणि गावोगाव मुखिये नेमले. हाब्बोझीलचा मुखिया झाला उब्बो. उब्बो हा बांधाचा मुकादम, हार्मचा जिवलग मित्र, अंगानं गोल, स्वभावानं त्याहून गोल. त्याला तांबडा कमरपट्टा मिळाला, टोकाला तिरंगी झालर. फ्रेंच लोक अशा मुखियाला 'मेर' म्हणत, आणि गावच्या बोलीत म्हाताऱ्या घोडीला नेमका तोच शब्द होता.

"अगं बघ बघ," हिस्केची उजव्या हाताची शेजारीण गेशे खिडकीतून ओरडे, "आपली घोडी आज झालर लावून निघाली! नाल तरी ठोकलेत का रे नवे?"

उब्बो बिचारा पट्टा कोटाखाली लपवून चाले. पण पोट असं की पट्टा लपत नसे.

पहिला हुकूम आला तो आडनावांचा. प्रत्येक घरानं एक आडनाव घ्यायचं आणि ते पिढ्यान्‌पिढ्या तेच ठेवायचं. गावाला याची गंमतच वाटली. तिथं आडनाव म्हणजे बापाचं नाव. थोरल्या मुलाला आजोबाचं नाव द्यायचं, हीही रीत. हिस्केचा नवरा हार्म, त्याचा बाप फोल्कर्ट, म्हणून तो हार्म फोल्कर्ट्स. त्याचा मुलगा आजोबाच्या नावाचा, म्हणून फोल्कर्ट हार्म्स. भरती आली, ओहोटी आली, पुन्हा भरती आली. नाव येत-जात राहायचं, वाहतं राहायचं. ते एका जागी खुंटीला बांधून घालायचं म्हणजे काय, हे कोणाला उमगेना. गावातल्या सगळ्यांत धिप्पाड माणसानं चेष्टेनं 'लहाने' अशा अर्थाचं आडनाव घेतलं आणि त्याची पोरं जन्मभर लहाने राहिली.

उब्बो हिस्केकडं आला तेव्हा ती सोलत बसली होती.

"वहिनी, तुमच्या घराचं 'हार्म्स' करून टाकू?"

"करा. आमचे हे गेल्यावर तेवढं तरी राहिलं."

"पण आता ते कायमचं बरं का. फोल्कर्टची पोरंसुद्धा हार्म्सच."

हिस्केची बोटं थांबली. "आणि थोरल्याचं नाव तर आजोबाचंच ठेवायचं. म्हणजे तो हार्म हार्म्स?"

"हो… तसंच होईल."

"भावजी, हे काय तोतऱ्यानं हाक मारल्यासारखं? ह-हार्म हार्म्स!"

गेशे भिंतीपलीकडून खिंकाळली. उब्बोसुद्धा हसला. मग हसू आवरून तो बाकावर टेकला, टोपी गुडघ्यावर ठेवली, आणि तिची कड कुरवाळत बसला. हिस्केनं ओळखलं की हा खरं बोलायला आलाय ते हे नाही.

"वहिनी, फोल्कर्टचं काय सांगू वर?"

"काय म्हणजे? फोल्कर्ट हार्म्स, खलाशी."

"आरमारासाठी खलाशी गोळा करतायत. जो जो समुद्रावर गेलेला आहे तो हजर करा म्हणतात."

"करा की. मीही केव्हाची मागतेय त्याला. माझा नंबर पहिला लावा."

"थट्टा नका करू. पोरगा हजर नाही झाला तर घरात शिपाई आणून बसवतील. तो तुमचं खाईल, तुमच्या बिछान्यात निजेल, आणि पोरगा येईपर्यंत उठणार नाही. एकानं भागलं नाही तर दोन बसवतील. आणि उद्या फोल्कर्ट खरंच चोरूनमारून आला, तर बांधावर पाय ठेवताच बेड्या. पळपुटा म्हणून काय करतात ते मी तुम्हाला सांगत नाही." त्यानं आवाज खाली आणला. "एक शब्द आहे. तो तुम्ही म्हणालात की सगळं मिटतं. मेलेल्याला कोणी शोधत नाही. तो आला तरी त्याची वाट बघत कोणी बसलेलं नसेल."

"मी असेनच ना बसलेली!"

"तुम्ही सोडून हो."

हिस्केनं वाडगं उचललं आणि ती आत गेली. शब्द तिनं उच्चारला नाही.

म्हणून शिपाई आला. जकातीच्या पहाऱ्यावरचा, लाबोर्द नावाचा, दक्षिणेकडच्या द्राक्षांच्या मुलखातला. सावळा, बुटका, आणि वाऱ्याला इतका भ्यालेला की घरातसुद्धा मफलर सोडायचा नाही. हिस्केनं ठरवलं होतं याचं जिणं नकोसं करून सोडायचं. पण तो सकाळी उठून पाणी भरून आणी. कोळंबी सोलायला बसे आणि अर्धी कवचाबरोबरच टाकून देई. "अरे मेल्या, ते खायचं आहे, हे टाकायचं!" हिस्के त्याच्या हातातून हिसकावून घेई. तो "होय आई, होय आई" म्हणे. तेवढी बोली त्याला येत होती. एकदा त्यानं फळीवरच्या कपाकडं हात केला.

"हे कुणाचं?"

"मुलाचा."

"चमचा बशीत," तो म्हणाला. त्याला रीत कळली होती. "म्हणजे अजून पाहिजे."

हिस्केला वाटलं, या माणसाला घराबाहेर काढायला हवं. तो वाईट आहे म्हणून नव्हे. तो चांगला आहे म्हणून. आज ना उद्या हा फोल्कर्टच्या जागेवर बसेल, आणि एखाद्या बेसावध संध्याकाळी आपण त्याला त्याच कपात ओतून देऊ.

मग शेजारच्या गावातली बातमी आली. एक पोरगा खाजणातून चालत घरी आला होता, ओहोटीच्या चिखलातून, आईला भेटायला. बांधावरच धरला. पुढचं गेशेला ठाऊक होतं, पण तिनं पहिल्यांदाच काही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी हिस्के उब्बोच्या ओसरीवर जाऊन उभी राहिली. डोक्याला चांगला रुमाल बांधलेला. उब्बोनं पट्टा बांधला, कारण पट्टा असल्याशिवाय ते खरं धरत नसत.

"सांगा वहिनी."

"माझा मुलगा फोल्कर्ट हार्म्स," हिस्के म्हणाली, आणि तिथं तिचा आवाज अडला. नाटकात एखादा नट आपलं वाक्य विसरतो आणि सगळं थिएटर त्याच्यासाठी श्वास धरतं, तसं झालं. उब्बोनं ओठ हलवून शब्द पुरवला. तिनं मान हलवली. तो शब्द तिला नको होता. "समुद्रानं नेला," ती म्हणाली.

"चालेल," उब्बो म्हणाला, आणि त्यानं डोळे पुसले, तेवढ्यासाठी झालर कामाला आली.

पण नुसतं म्हणून भागणार नव्हतं. शिपाई घरात बसलेला. मुलगा गेल्याची बातमी आली आणि घरात दुखवटा नाही, हे त्यानं वर सांगितलं तर? गेशेनं बाह्या वर केल्या. माणूस गेला की सगळं करायचं ते उजव्या हाताच्या शेजाऱ्यानं, घरच्यांनी बोटही हलवायचं नाही, अशी तिथली रीत. आणि गेशेसारखी शेजारीण सात गावांत नव्हती.

"सगळ्यांनी काळे कपडे घालायचे," तिनं घरोघर बजावलं. "आणि हसलात तर याद राखा. त्या लांब नाकाच्या सुताराला मागं बसवा, त्याला बघितलं की मला हसू येतं. रडायचं बेतानं. आधी मी सुरू करते, मग बाकीच्यांनी. एकदम सुरू केलं तर गाईगुरं घाबरतात."

आणि मंडळी आली. काळ्या कपड्यांत, एकापाठोपाठ एक, ठेंगण्या दारातून वाकत. आरसा झाकलेला. घड्याळाचा लंबक गेशेनं हातानं थांबवला. लाबोर्द कोपऱ्यात, टोपी हातात घेऊन. चहा तर किनाऱ्यावर कुठंच नव्हता. रानपाला वाळवून उकळलेला काढा कपात ओतला. साखर नाही, त्यामुळं खडा तडकल्याचा आवाज नाही, आणि त्या आवाजावाचून खोली फार गप्प वाटली. प्रत्येकानं एक घोट घेतला आणि सुतारानं अशी काही तोंडाची मोट केली की मागच्या बाकावरून खुसखूस सुरू झाली. गेशेनं मागं वळून नुसतं बघितलं. खुसखूस मेली.

"फार गुणाचा पोरगा," उब्बो ठरल्याप्रमाणे म्हणाला.

"कामाचा," दुसरा म्हणाला.

"माझ्या कोंबड्या चोरायचा," गेशेच्या तोंडून निघून गेलं. हे ठरलेलं नव्हतं. "चोरायचा आणि मग अंडी आणून द्यायचा. म्हणायचा, मावशी, तुमच्याच आहेत, पण मी सांभाळल्या." आणि बेतानं रडायचं विसरून ती खरंच हुंदका देऊन बसली.

मग शेवटचं राहिलं. ज्या घरातलं माणूस गेलं, त्या माणसाच्या कपात शेजारणीनं चमचा उभा करायचा. त्याचं पोट भरलं, आता त्याला नको, म्हणून. गेशे उठली, फळीपाशी गेली. तिनं बशीतला चमचा उचलला. हिस्केकडं बघितलं.

हिस्केला माहीत होतं की हे खोटं आहे. खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. पण चमचा कपाला लागून तो छोटासा आवाज आला, आणि तिच्या तोंडून असा काही आवाज निघाला की बाहेर बांधावरची बदकं उडाली. "नको गं," ती म्हणाली, "त्याचा तिसरा राहिलाय," आणि टेबलावर डोकं टेकून ती रडली. आता ते नाटक नव्हतं. कोणाला पुढचं वाक्य आठवेना. हाब्बोझीलची ती अख्खी मंडळी, आपापल्या समुद्रात गेलेल्या माणसांसाठी, आपापल्या फळीवरच्या कपांसाठी, मोकळेपणानं रडली. सुतार सगळ्यांत जास्त.

सगळे गेल्यावर लाबोर्द तिच्याजवळ आला. "आमच्या गावी चमचा नाही," तो अडखळत म्हणाला. "माणूस गेला की त्याचा पेला पालथा घालतात." मग त्यानं विचारलं, "आई, माझा पेला अजून उताणा असेल का हो?"

"असेल रे," हिस्के म्हणाली. "आया पेले लवकर पालथे घालत नाहीत."

आठवड्याभरात त्याला तिथून उठवलं. पुढं त्याची तुकडी पूर्वेकडं, रशियाकडं गेली, आणि त्याचं काय झालं ते हाब्बोझीलला कळलं नाही.

हिस्केचं घर मोकळं झालं. पण एक गोष्ट तिनं धरली नव्हती. लोक खोटं विसरतात आणि ते खरं होऊन बसतं. पहिल्यांदा दाराबाहेर भेटलेल्या बायका डोळा मारत. मग डोळा मारायचं थांबलं. मग कोणीतरी "बिचारा फोल्कर्ट" म्हणालं आणि तिनं वळून बघितलं तर चेहऱ्यावर थट्टा नव्हती. पाद्रीबुवा गेलेल्यांची आठवण काढताना त्याचं नाव घेऊ लागले. त्याच्यावर जीव असलेली दोरखंडवाल्याची मुलगी, तिनं दुसरं घर बघितलं. हिस्केच्या हातात लग्नातल्या लाडवासारखा तिकडं वाटतात तो गोड पाव ठेवताना ती म्हणाली, "मावशी, मी त्याला विसरणार नाही," आणि हिस्केला म्हणता येईना की अगं, विसरू नकोस काय, थांब! कारण थांब म्हणायला तिच्याकडं काय होतं? एक गलबत गेलं होतं, एवढंच. ते पोचलं की नाही, हेही तिला ठाऊक नव्हतं. संध्याकाळी ती फळीसमोर उभी राही. चमचा कपात उभा. हात वर जाई आणि खाली येई. आपण तोंडानं म्हटलं म्हणूनच तर समुद्रानं ऐकलं नसेल ना, हा विचार तिला उघाडीची दारं लावताना येई, आणि मग ती दारं जरा जास्तच जोरानं लावे.

एका शरदात फ्रेंच आले तसे गेले. रात्रीतून नव्हे, भर दिवसा, गाड्या भरून, आणि जाताना कोणी मागं वळूनही बघितलं नाही. त्यांच्यामागं रशियन घोडेस्वार आले, मग पुन्हा प्रशियाचे कारकून. पूर्व एम्स नावाचा जिल्हा संपला. पोरगं चालायला लागण्याइतकंच त्याचं आयुष्य. उब्बोनं कमरपट्टा गोठ्यात नेऊन खोडकर वासराला बांधला. बहुतेक लोक पुन्हा बापाचं नाव लावू लागले, नव्या कारकुनाला काय ते लिहू दे म्हणत.

हिस्के उब्बोच्या ओसरीवर गेली. पुन्हा तोच चांगला रुमाल.

"भावजी, मला माझा शब्द परत हवा."

"कोणाकडून, वहिनी?"

"ज्याला दिला त्याच्याकडून."

"तो जिल्हा उरला नाही. ज्या कचेरीत पाठवला ती कचेरी नाही. मी तर आता नुसता उब्बो."

"तुम्ही होतात ना ऐकायला? मग उलटं ऐका. ऐका, आणि मनात लिहा."

उब्बोनं वासराकडं बघितलं, पट्ट्याकडं बघितलं. मग फार हळू म्हणाला, "ऐकतो. पण म्हणणार काय, वहिनी? जिवंत आहे म्हणणार? कशावरून?"

हिस्केनं रुमालाची गाठ घट्ट केली. तशीच परत गेली.

वसंतात समुद्र उघडला. पहिलं गलबत उघाडीला लागलं तेव्हा गाव बांधावर लोटलं होतं. मेन्नो नावाचा तांडेल, पलीकडच्या गावचा, वल्ह्यासारखा वाळका. त्यानं लोखंड उतरवलं, मीठ उतरवलं, आणि मग छातीपाशी धरून एक शिशाचा पत्रा गुंडाळलेलं पुडकं वर आणलं.

"हिस्के कोण? उघाडीवाली?"

"मी."

"तुम्हाला चहा आलाय. हार्म फोल्कर्ट्सकडून."

मीठ उचलायला गेलेले हात तिथंच थांबले. वाराही जणू थांबला, आणि तिथं वारा थांबणं म्हणजे काय ते तिथल्यांनाच विचारावं.

"मेल्या," गेशे म्हणाली, "हार्म फोल्कर्ट्स देवळामागं निजलाय. मी स्वतः या हातांनी त्याला शेवटची आंघोळ घातली. तो चहा पाठवायला लागला तर उद्या माझा मेलेला नवरासुद्धा जेवायला येईल!"

"मला काय ठाऊक, मावशी? इंग्लंडच्या उत्तरेकडल्या बंदरात एकानं दिलं, त्याला दुसऱ्यानं दिलेलं, त्याला तिसऱ्यानं. निरोप तेवढाच आणि तो हरवायचा नाही, असं तीन-तीनदा घोकून घेतलं माझ्याकडून. हाब्बोझीलच्या हिस्केला, हार्म फोल्कर्ट्सकडून."

"उलटं झालंय," उब्बो पुढं येऊन म्हणाला. "या हातातून त्या हातात जाताना निरोप उलटा झाला. फोल्कर्ट हार्म्स असणार. पोरानं बुडायच्या आधी कधीतरी पाठवलेलं असेल, वाटेत पडून राहिलं."

"हो बिचारा," गेशे म्हणाली. "बुडायच्या आधी."

"अगं बये!" उब्बोनं कपाळावर हात मारला. "तो बुडाला कुठं? आपणच नाही का बुडवला त्याला!"

दोघंही एकमेकांकडं बघत राहिली. तेवढ्यात हिस्के हसली. पहिल्यांदा वाटलं तिला ठसका लागला. ती बांधाच्या गवतावर बसली, पुडकं मांडीवर घेऊन, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"उलटं नाही," ती म्हणाली. "सुलटंच आहे. हार्म. कोणाचा? फोल्कर्टचा. हार्म फोल्कर्ट्स. अगं गेशे, फोल्कर्टला मुलगा झाला."

 मग सुतारानं बोटांवर हार्म, फोल्कर्ट, हार्म असं मोजलं आणि त्याची मान हळूहळू हलायला लागली.

"आजोबाचं नाव ठेवलंय त्यानं," हिस्के म्हणाली. "तिकडं परमुलखात, कोणी सांगायला नसताना. आणि स्वतःचं नाव कुठं निघू दिलं नाही, पळपुटा ना तो! पोराच्या नावानं पाठवला. मला कळेल म्हणून." तिनं उब्बोकडं बघितलं. "तुमचा तो पट्टा तिथवर पोचला असता, भावजी, तर झाला असता ना ह-हार्म हार्म्स. मग मी काय ओळखलं असतं?"

"ऐकलं, वहिनी," उब्बो म्हणाला. "उलटं ऐकलं. लिहिलंसुद्धा."

त्या दिवशी मंडळी पुन्हा हिस्केच्या घरात जमली. बोलावणं कोणी केलं नव्हतं. गेलेला माणूस परत आल्याची रीतच नव्हती गावात, तेव्हा कसं वागायचं ते कोणाला ठाऊक नव्हतं. रोजच्या कपड्यांत यायचं एवढंच आपोआप ठरलं. सगळे आपापल्या त्याच जागी बसले. सुतार मागं. कोपरा तेवढा रिकामा होता, लाबोर्दचा, आणि तिथं कोणी बसलं नाही. मेन्नोनं साखर दिली. किटलीतून चहा पडला आणि पहिल्या कपात खडा तडकला. इतक्या दिवसांनी तो आवाज ऐकून म्हाताऱ्या उब्बोनं डोळे मिटून घेतले.

"चमचा मी घातला होता," गेशे उठून म्हणाली. "काढणार पण मीच. शेजारधर्म आहे." तिनं फोल्कर्टच्या कपातला चमचा काढला, एप्रनला पुसला, बशीत ठेवला. हिस्केनं कपात खडा टाकला, चहा ओतला, कडेनं साय सोडली. तिसरा कप. साय वर येऊन ढगासारखी पसरली आणि हळूहळू विरत गेली. कप तसाच राहिला. परत येणार आहे, असं निरोपात कुठं नव्हतं. बायको कोण, घर कसं, पोर बोलायला लागलंय का, काहीच नव्हतं. चहाचं पुडकं आणि दोन नावं.

संध्याकाळी, पोरांना जेवायला हाका मारायच्या वेळेला, हिस्के बांधावर गेली. घराघरातून आया ओरडत होत्या. खाजणावर पाणी चढत होतं. तिनं तळवे तोंडाशी धरले. हार्म उघाडीवर काम करत असताना ती त्याला अशीच हाक मारायची; त्याच्यानंतर त्या नावानं तिनं कोणाला हाक मारली नव्हती.

"हार्म!" तिनं समुद्राकडं हाक दिली. "हार्म फोल्कर्ट्स! चल, घरी चल!"

गावातल्या बाकीच्या हाका बंद पडल्या. हिस्केनं पुन्हा हाक मारली, पहिलीपेक्षा लांब, नातवाला, आणि नातवाच्या पाठीमागं उभ्या असलेल्याला, आणि त्याच्याही पाठीमागच्याला.

"अगं हळू," खालून गेशेचा ओला आवाज आला. "दोन्ही हार्म आले तर चहा पुरायचा नाही."